एवढुसे लोक का लपतात?

फार पूर्वी, एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. तिथली माणसं इतकी उंच, की आंबे उतरवायला त्यांना शिडी लागत नसे. जमीन काळीभोर, पीक भरघोस आणि घरोघरी ज्वारीच्या कणग्या आढ्याला टेकलेल्या.

पण या गावाला दृष्ट लागायची फार धास्ती. त्यातून एक रीत पडली होती. यंदा ज्वारी किती झाली, असं कोणी विचारलं की अंगठा बोटाच्या टोकावर टेकवायचा आणि म्हणायचं, "एवढुशीच." पोरं बोलायला लागली की 'आई' म्हणायच्या आधी हा शब्द शिकत. विचारणाऱ्यालाही ठाऊक असे, की कणगी भरलेली आहे. तोही हसून आपलं बोट दाखवी आणि पुढे जाई. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

एका उन्हाळ्यात डोंगराखालच्या गावाला आग लागली. माणसं वाचली, पण बियाणं सगळं जळालं. पेरणी तोंडावर आलेली. पेरलं नाही तर अख्ख्या गावाला घरंदारं सोडून परमुलखात जावं लागणार होतं. तेव्हा तिथली म्हातारी सुईण काठी टेकत डोंगर चढून आली. माथ्यावरची निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती, म्हणून गावाने मागायला तिलाच पाठवलं.

ती आधी पाटलाच्या दारात गेली. त्याची नाळ तिनेच कापलेली. म्हणाली, "लेकरा, पेरण्यापुरती ज्वारी दे. सुगीला परत करू."

पाटलाच्या पाठीमागे कणग्या उभ्या होत्या. द्यावं की न द्यावं, असं क्षणभर त्याच्या मनात झालं. तेवढ्यात बोट आपसूक वर आलं.

"मावशे, आमच्याकडंच एवढुसं हाय."

पुढच्या घरीही तेच झालं, त्याच्या पुढच्या घरीही तेच. गावभर बोटं वर झाली.

आता खालच्या गावात ही रीत नव्हती, आणि सुईण बाळंतपणापुरतीच वर येई, तिलाही ती ठाऊक नव्हती. तिथे माणूस बोलला की ते खरं धरत. सुईणीचे डोळे भरून आले. आपल्या लेकरांवर अशी वेळ आली आणि आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. ती रागावली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने वाटेत खायला पदरात बांधलेल्या लाह्या सोडल्या आणि परत जाताना प्रत्येक उंबऱ्यावर चिमूटभर ठेवत गेली. स्वतः उपाशीपोटी डोंगर उतरली.

लोक दारात आले आणि त्यांनी लाह्या पाहिल्या. कुणी कुणाकडे बघेना. शरमेने माणूस एवढासा होतो, असं आपण म्हणतो ना, ते त्या दिवशी खरोखरच झालं. लाह्या उचलायला जो तो वाकला, आणि कुणालाच पुन्हा सरळ होता येईना. अंग आखडत गेलं. ज्याने बोटावर जेवढं दाखवलं होतं, तेवढाच तो उरला. उंबरा भिंतीसारखा उंच झाला आणि एकेक लाही पांढऱ्या धोंड्यासारखी समोर उभी राहिली.

काही जण म्हणाले, झालं ते बरंच झालं, आता एक कणगी सात पिढ्यांना पुरेल. हे ऐकून पाटलीणबाई संतापली. "तिची लाही गिळवंना, आन् तुम्ही मला कणगीचं सांगता?" असं म्हणून ती कणगीच्या बुडाला भोक पाडायला लागली. बाकीचेही मुकाट्याने तिच्या मदतीला गेले.

मग डोक्यावर एकेक दाणा घेऊन ती माणसं डोंगर उतरू लागली. उतरायची, चढायची, पुन्हा उतरायची. पेरणीच्या आत सुईणीच्या अंगणात ढीग तिच्या कमरेला लागला. सगळ्यांनी ठरवलं होतं, की तिला खरं सांगायचं. आमच्या कणग्या भरलेल्या होत्या, आम्ही खोटं बोललो, एवढंच. सांगायला पाटील ढिगापुढे उभा राहिला आणि बाकीचे मागे दडून बसले.

सकाळी सुईण सडा घालायला बाहेर आली. ज्वारी पाहिली, पाटलाला पाहिलं आणि मटकन खाली बसली. तिने त्याला अलगद तळहातावर घेतलं.

"उपाशी राहून राहून ही दशा झाली व्हय रे? आन् तरीबी आमच्यासाठी एवढं आणलंत?"

सांगायची वेळ हीच होती. शब्द ओठांवर तयार होते. पाटलाने तोंड उघडलं, पण जन्माची सवय त्याच्या आधी बोलून गेली. अंगठा बोटाच्या टोकावर टेकला.

"कशाचं एवढं, मावशे. एवढुसंच तर हाय."

"मन किती मोठं रे तुमचं," म्हणत तिने त्याला कपाळाशी धरलं. पाटलाची मान जी खाली गेली ती वर आली नाही. ढिगामागची माणसं एकेक करून मातीच्या भेगांत शिरली.

खालच्या गावाची पेरणी झाली, पीकही चांगलं आलं. एवढुसे मात्र पुन्हा उंच झाले नाहीत. दर सुगीला ते सुईणीच्या दारात जात, आज सांगूच म्हणत, आणि ओंजळभर दाणे ठेवून न सांगताच परत येत. असं करता करता एके वर्षी सुईण वारली. मग सांगायला कुणी उरलंच नाही.

आजही मळणीनंतर खळ्याच्या कडेने ज्वारीचे दाणे एका ओळीत पडलेले दिसतात. जवळच्या गवतात काहीतरी सळसळतं. लोक म्हणतात, एवढुसे भित्रे असतात, माणसाची चाहूल लागली की पळतात. पण भित्रे नाहीत ते. पुन्हा कुणीतरी आपल्याला चांगलं म्हणेल, तेवढं त्यांना सोसत नाही.

तात्पर्य: आपलं खोटं पकडलं गेलं तर शरम चार दिवसांची असते, कुणी ते मायेने खरं मानलं, तर जन्माची. म्हणून माणूस समोर आहे तोवर ते सांगून मोकळं व्हावं.