तोडलेलं पाणी

"पाणी आणखी किती दिवस तोडायचं, आप्पा?" मल्लिनाथ विचारत होता, तेवढ्यात घरात फोन वाजला.

"मला काय विचारतोस? मोगऱ्याला विचार," आप्पा म्हणाले. "मी काय त्याचा मुनीम आहे?"

पौषातली सकाळ होती, रोजच्यासारखीच. गावाचे गुरू गुरसिद्धाप्पा, सगळ्यांचे आप्पा, परसात उकिडवे बसून जास्वंदीवरची पांढरी कीड ओल्या फडक्यानं पुसत होते. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात सोडलेलं होतं. मल्लिनाथ हा हायस्कूलचा हेडमास्तर आणि आप्पांचा सगळ्यात जुना शिष्य. तो वाळका पाला गोळा करत होता.

फोन आप्पांच्या बायकोनं, गंगव्वांनी घेतला. त्यांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आपली नंदा गेली," म्हणाल्या.

महानंदा त्यांची एकुलती एक लेक, विजापूरला दिलेली. तापाचं निमित्त झालं होतं.

आप्पांच्या घराण्यात सुतक पाळत नाहीत. लेकीला माती देऊन ते परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परसात दिसले. खुरपं होतं, झारी होती, आळी होती. गाव म्हणालं, याला म्हणतात गुरू. मल्लिनाथनं तर शाळेत सगळ्या मुलांसमोर सांगितलं, की लेक गेली पण आप्पांच्या डोळ्याला पाणी नाही.

हे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे, असं त्याला वाटे. त्याची बायको सुगला गेली, तेव्हा आप्पांनी त्याला याच मोगऱ्यापाशी आणलं होतं. मोगऱ्याची रीत अशी, की थंडीत त्याचं पाणी तोडायचं. झाड तहानेनं कोमेजतं, पानं गाळतं. मग छाटायचं, खत घालायचं, पाणी सोडायचं, की चैत्रात फुलांनी पांढरं होतं. झाडं तेव्हा तशीच तहानलेली उभी होती.

"ताण दिल्याशिवाय मोगरा फुलत नाही, मल्लिनाथ," आप्पा म्हणाले होते. एवढंच.

त्या एका वाक्याला धरून मल्लिनाथ उठला. शाळेत गेला, पोरी वाढवल्या. तो कधी रडला नाही आणि त्याचा त्याला अभिमान होता. पुढं गावात कुणाच्या घरी मयत झाली, की तो जाऊन हेच वाक्य सांगायचा. चैत्रात गावदेवाच्या पालखीला पहिला हार आप्पांच्या परसातला चढायचा, तेव्हा चारचौघांत त्या फुलांकडे बोट दाखवायचा.

आता ते वाक्य गुरूला परत द्यायची वेळ आली आहे, असं त्याला वाटत होतं.

एका संध्याकाळी भेटायला येणारी माणसं पांगली. मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली होती. मल्लिनाथ आप्पांच्या शेजारी बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आप्पा, तुम्हीच शिकवलंत. ताण दिल्याशिवाय..."

आप्पा उठले.

वाक्य पुरं व्हायच्या आत ते हौदापाशी पोचले होते. त्यांनी झारी बुडवली, आणली आणि मोगऱ्याच्या पहिल्या आळ्यात उपडी केली. भेगाळलेल्या मातीनं पाणी बघता बघता पिऊन टाकलं.

"आप्पा, हे काय करताय? पाणी तोडलंय त्याचं."

"तहान लागलीय त्याला."

दुसरं आळं. तिसरं...

मल्लिनाथ मागं मागं फिरत समजावू लागला. आत्ता पाणी दिलं तर नुसता पाला माजेल, यंदा कळी धरणार नाही, पालखीला हार कशाचा करायचा? शाळेतल्या मुलाला समजवावं तसं तो सांगत होता. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. हौदाकडे वळताना म्हणाले, "देवाला फुलं हवी असतील, तर त्यानं आधी तहान काढून बघावी."

गंगव्वा दाराला टेकून बघत होत्या.

"इतकी वर्षं मी म्हणत होते, घाला की त्याला पाणी," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला म्हणायचे, तुला शास्त्र कळत नाही."

आप्पांनी पुढची झारी बुडवली.

एकच आळं राहिलं. तिथं मात्र मल्लिनाथ आडवा आला. उशिरा आलेल्या पोरासमोर शाळेच्या फाटकात उभा राहायचा, तसा उभा राहिला.

"हे एवढं राहू द्या."

"सरक."

"नाही सरकणार."

आजवर त्यानं आप्पांना नाही म्हटलं नव्हतं. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं आणि तो थांबू शकला नाही.

"हे खोटं होतं, तर माझी सुगला कशापायी गेली, आप्पा? मी कुठल्या फुलासाठी गप्प राहिलो?"

आप्पा थांबले. झारीच्या तोटीतून पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं.

...

त्यांनी झारी त्याच्यापुढं धरली.

मल्लिनाथनं हात मागं बांधले. आप्पांनी झारी खाली घेतली नाही.

शेवटी मल्लिनाथनं झारी हिसकावली आणि अशी उपडी केली, की चिखल दोघांच्या अंगावर उडाला. तो हौदाकडे गेला. पुन्हा भरून आणली, पुन्हा ओतली. आळं तुडुंब भरलं, फुटलं, पाणी वाटेवर वाहायला लागलं. तरी तो आणतच होता. त्याचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायला त्यानं हात वर केला नाही.

आप्पा खाली बसले आणि खुरप्यानं फुटलेल्या आळ्याचा बांध घालू लागले.

हौदाचा तळ खरवडल्याचा आवाज आला, तेव्हा मल्लिनाथ थांबला. रिकामी झारी हातात घेऊन तो उभा होता. दम खात, तुटक तुटक बोलला. चैत्रात पालखी दारात येईल, गाव हार मागेल.

"त्यांना मी काय सांगू?"

आप्पांनी बांधावरची माती थापटली.

"सांग, आप्पांनी यंदा ताण दिला नाही."