पाळण्याचा हूक

“पण सर, उत्तर तर आलंय. मग सही कशाला अडवून ठेवताय?”

इंद्रजितच्या आवाजाला जरा धार होती. प्रसूतिगृहातल्या पाळण्यांसाठी केलेला नायलॉनचा हूक दहा वर्षं भार पेलेल, असं त्याच्या अहवालात होतं. संध्याकाळी साच्याची ऑर्डर जायची होती.

नाडगौडासरांनी चष्मा पुसला.

“उत्तर आलं, की आणलंस?”

“कॉम्प्युटरवर गणित सोडवणारा तो सॉल्व्हर सारखा अडायचा हो. म्हणून किती चूक चालेल, ती मर्यादा शंभरपट सैल केली. आता कसा सुतासारखा सरळ चालतो!”

“आणि काळाची पावलं केवढी? किती वेळाने एकदा हिशेब करतो तो?”

“महिन्यामहिन्याने. नायलॉन ताणलं जायला वर्षं लागतात सर, सेकंदासेकंदाला काय बघायचं त्यात?”

सरांनी दुधाची रिकामी पिशवी घेतली, कात्रीने बोटभर रुंद पट्टी कापली, खिडकीच्या गजाला बांधली. आणि इंद्रजितची सॅक तिला अडकवली.

“सर, आत लॅपटॉप आहे!”

“असू दे की. महिन्याने येऊन बघ.”

पट्टी सरसर लांबली... इंद्रजित सॅकखाली दोन्ही हात धरून उभा. पापणी लवेना.

पाच मिनिटांनी लांबणं मंदावलं, तसा त्याचा एक हात खाली आला. पंधरा मिनिटांनी तो खुर्चीत बसला आणि अधूनमधून नुसती नजर टाकू लागला. सर चहा पीत होते. त्याला विचारलाही नव्हता.

“पहिल्या मिनिटात किती वेळा पाहिलंस?”

“नजर हलवलीच नाही.”

“आणि आता?”

इंद्रजित खुर्चीतून उठला.

त्याने सॅक उतरवली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसला. मर्यादा पुन्हा घट्ट केली. पहिली पावलं सेकंदांची ठेवली, पुढे मोठी होत जाणारी.

दुपारी तो परत आला, चेहरा पाडून.

“पुन्हा अडला सर. भार लावल्यापासून चौथ्या तासाला. पाऊल कितीही लहान करा, पुढे सरकतच नाही.”

“मग?”

“मग तिथलं चित्र उघडून पाहिलं... हुकाचं वाकण उघडत चाललंय. पाळणा निसटेल, सर. साचेवाल्याला फोन करून थांबवलंय.”

सरांनी अहवाल त्याच्याकडे सरकवला.

“मग इतके दिवस तो बिचारा सॉल्व्हर अडून अडून काय सांगत होता तुला?”