गिधाडमाळाचा पहिला मान

"तो मसणवटा माझ्या डोळ्यांसमोरून हलवा!" राजा रणधवल कडाडला.

त्याने मोठ्या हौसेने नदीकाठी रंगमहाल बांधला होता. पहिल्याच संध्याकाळी गाणं ऐकायला गच्चीत बसला, तर पलीकडच्या काठावरच्या चितेचा धूर थेट नाकात! गायिका खोकली, राजा शिंकला, मैफल उठली.

राजाला शिंक यायच्या आधीच रुमाल पुढे करणारा एक दिवाण होता. तो म्हणाला, "सरकार, डोंगरामागे गिधाडमाळ रिकामाच पडलाय. मसणवटा तिकडे हलवावा."

गिधाडमाळ म्हणजे नुसता खडक. पाण्याचा टिपूस नाही, धड वाट नाही. रिकाम्या हाताने चढणाऱ्याची दमछाक होते, तिथे तिरडी कोण चढवणार? पण मसणवट्याची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या धोंडबाला हुकूम सुटला: पुनवेच्या आत गिधाडमाळावर पहिली चिता पेटली पाहिजे, नाहीतर बिऱ्हाड घेऊन राज्याबाहेर चालता हो!

आणि गंमत अशी की गावात कुणी मरेचना! गिधाडमाळाचं नाव ऐकताच अंथरुणाला खिळलेले वामनराव काठी टेकत पारावर येऊन बसले. घरघर लागलेली गयाक्का तर उठून पिठलं-भाकरी मागू लागली. "मी जाणार ती नदीकाठीच, माझ्या धन्याला जिथं नेलं तिथं! त्या खडकावर माझी खेटरंसुदिक जाणार न्हाईत!"

पुनव दोन दिवसांवर आली. धोंडबाने कपाळाला हात लावला. "सारजे, बोचकं बांध. या वयात कुठं जायचं गं पोरी?"

सासऱ्याचे ओले डोळे पाहून सारजाच्या अंगाचा तिळपापड झाला. राजाच्या नाकासाठी म्हाताऱ्याने देशोधडीला लागायचं? विचार करता करता तिला राजाची एक जुनी खोड आठवली. राज्यात काहीही नवं झालं की पहिला मान त्याचा. नव्या विहिरीचं पाणी, मोसमातला पहिला आंबा, नव्या झोपाळ्याचा पहिला झोका, सगळं आधी राजाला. त्याच्याआधी नव्या विहिरीचं पाणी प्यायलेल्या एका गवळ्याला त्याने दिवसभर उन्हात उभं केलं होतं.

"मामंजी, बोचकं ऱ्हाऊ द्या," सारजा म्हणाली, "मी दरबारात जाऊन येते."

कमरेवर कोरं मडकं आणि हातात नारळ घेऊन ती दरबारात शिरली. नारळ राजापुढे ठेवला, कनवटीची सुतळी सोडली आणि सरळ सिंहासनाकडे निघाली.

"म्हाराज, जरा उभं ऱ्हाता का? माप घ्यायचं हाय."

"कसलं माप?"

"सरणाचं! त्या मापानं लाकडं तोडाया बरी. गिधाडमाळ झाडून तयार हाय. नवी जागा, तवा पहिला मान म्हाराजांचा!"

राजा लालबुंद झाला. "मला जिवंतपणी सरणावर चढवतेस?"

"छ्या! घाई कुणाला हाय? म्हाराजांनी शंभर वर्सं जगावं. जागा थांबंल की! पर तुमच्याआधी तिथं जायची आमची काय टाप? गवळी नुसतं पाणी प्याला, तर दिसभर उन्हात उभा ऱ्हायला. तवर आमी जुन्या मसणवट्यातच भागवतो."

राजा पुरता कात्रीत सापडला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "तो मान मी दिवाणजींना बहाल करतो!"

दिवाण पांढराफटक पडला. "अन्नदात्याच्या आधी? एवढा उद्धटपणा माझ्याच्याने व्हायचा नाही, सरकार!"

तोवर सारजा सुतळी घेऊन त्याच्याकडे वळलीसुद्धा! दिवाण खांबाआड दडला. राजाला हसू आवरेना, तरी तो हटून बसला. "बरं, मसणवटा राहू दे तिथेच. पण रोज धूर माझ्या नाकात जातो, त्याचं काय?"

"जाऊ द्या की, म्हाराज!" सारजा म्हणाली. "धूर नाकात जातोय, म्हंजे तुमी अजून धुराच्या अल्याड हाय. जायचा थांबला, की मग काळजी करा!"

राजा पोट धरधरून हसला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून सारजाला दिलं आणि मसणवट्यावर पक्का निवारा बांधायचा हुकूम सोडला. खर्च मात्र दिवाणाकडून!

मसणवटा नदीकाठीच राहणार, ही बातमी सारजाने स्वतः जाऊन गयाक्काला सांगितली. पण आता म्हातारीला भाकरी गोड लागायला लागली होती.

"आता कशाला घाई?" गयाक्का म्हणाली. "पिठलं वाढ!"