दुर्गव्वाची विहीर

माळावर चढलात की डाव्या हाताला काळ्या दगडाची ही विहीर लागते. खोदवली पाटलांनी, पण पाटलांची विहीर म्हटलंत तर इथे कुणाला कळणार नाही. दुर्गव्वाची विहीर म्हणूनच विचारा.

असे सांगतात, की हे काम यल्लप्पा आणि हणमंता या वडार भावांनी घेतलं होतं. दुर्गव्वा यल्लप्पाची बायको. काठावर मातीच्या पाट्या ओढायची. मध्ये पावसाने काम बंद पडलं. उघडीप मिळताच यल्लप्पा नेहमीसारखा दोर धरून खाली उतरला. वरून हाक मारली, ओ आली नाही. वाकून पाहिलं तर तळाशी काहीतरी पालथं पडल्यासारखं दिसलं.

हणमंताने लगेच कमरेला दोर बांधला. दुर्गव्वानेच त्याला घाई केली म्हणे. नीट दिसावं म्हणून आधी कंदील सोडला. तो अर्ध्यावर विझला. वारा तर नव्हता. पुन्हा पेटवून सोडला, तिथेच विझला. तेव्हा दुर्गव्वाने दिराच्या कमरेची गाठ सोडली.

जमलेले लोक तिला नाही नाही ते बोलले. नवरा खाली पडलाय आणि ही अडवते, म्हणाले. हणमंताही रडत दोर मागत होता. ती एवढंच म्हणाली, "भावजी, दिवा जगत न्हाई तिथं मानूस कसा जगंल? दुसरा मी देनार न्हाई."

मग कोंडलेली हवा हलावी म्हणून तिने लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून आत वरखाली करायला लावला. कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हाच हणमंता उतरला. त्याने भावाला वर आणलं, पण यल्लप्पा संपला होता.

पाटील विहीर बुजवायला निघाले. दुर्गव्वाने बुजवू दिली नाही. काम पुरं झालं, पाणी लागलं, तेव्हा पहिली घागर भरण्याआधी तिने गावाकडून शपथ घेतली: हवा पारखल्याशिवाय कुणाला खाली उतरवायचं नाही. हणमंताने ते पाणी जन्मभर तोंडाला लावलं नाही, असंही सांगतात.

आजही गावात खोल खड्डा खणला की आधी हवा तपासतात. दिवा आता सोडत नाहीत. गटाराच्या वायूचा भडका उडतो, म्हणून हवा मोजायचं यंत्र आणलंय. परवा नव्या टाकीच्या खड्ड्यात ते वाजायला लागलं. ठेकेदार बाहेरगावचा, म्हणाला, पाच मिनिटांचं तर काम आहे. एकही मजूर हलला नाही. पंखा लावून दुपारपर्यंत सगळे काठावर बसून राहिले. संध्याकाळी सगळे आपापल्या पायांनी घरी गेले.