आवडी आणि भागीरथी

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा ज्या आमराईत पोरं कैऱ्या पाडायची, तिची आता खोडंही उरलेली नाहीत.

एका ओढ्याच्या दोन काठांवर एक गाव होतं. या काठाला वरची वाडी, त्या काठाला खालची. पाऊस सरला की दोन्ही वाड्यांची माणसं ओढ्यात धोंडे रचत, माती लिंपत आणि पाणी अडवत. त्या पाण्यावर उन्हाळ्यात मळे हिरवे राहत, विहिरी भरलेल्या राहत. बांध घालण्याआधी एक नारळ फुटे. फार पूर्वी ज्या बाईनं तिथं पहिला धोंडा ठेवला, तिच्या नावानं.

म्हातारा गुरव ते नाव मनातल्या मनात घ्यायचा. तो वारला. त्याच्या जागी आलेल्या नव्या गुरवानं नारळ हातात धरून सरळ मोठ्यानं विचारलं, कोणाच्या नावानं फोडू?

वरची वाडी म्हणाली, आमच्या आवडीच्या. खालची म्हणाली, आमच्या भागीरथीच्या. तो नारळ फुटलाच नाही.

तीन वर्षं बांध घातला गेला नाही. चैत्र लागायच्या आत विहिरी तळाला जाऊ लागल्या. दोन घरं कुलूप लावून निघून गेली, आणि बाकीचेही म्हणू लागले, यंदा पाणी अडलं नाही तर आपणही निघू.

त्या गावात एक बाहुल्या करणारा राहत असे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या बाहुल्या कोरून तो दोऱ्यांवर नाचवायचा. माणूस भिडस्त. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल होत आणि वाक्य अर्ध्यात राही. पडद्यामागं बसून बाहुलीच्या तोंडून मात्र तो राजाचंही बोले आणि गाढवाचंही.

गाव उठलं तर खेळ दाखवायचा कोणाला, हा विचार त्याला झोपू देईना. शेवटी तो धीर करून दोन्ही वाड्यांत गेला. म्हणाला, राजाराणीचे खेळ पुरे झाले, तुमच्या बाईची गोष्ट मला सांगा, मी तिची बाहुली करतो.

वरच्या वाडीचा मुखिया हसला. "लाकडं नाचवून पाणी अडतं होय रे?"

पण गोष्ट सांगायला कोणाला आवडत नाही? वरच्या वाडीनं आवडीची सांगितली. बायकांनी बाहुलीसाठी जुन्या लुगड्याची चिंधी दिली. खालच्या वाडीनं भागीरथीची सांगितली आणि तिच्यासाठी इवलीशी नथ घडवून दिली. प्रत्येक वाडीनं आपलीच गोष्ट सांगितली. दुसरीची ऐकायला कोणी थांबलं नाही.

दोऱ्या बांधताना बाहुलीवाला चपापला. आवडी डावखुरी होती, असं वरच्यांनी सांगितलं होतं, म्हणून तिची मुख्य दोरी त्यानं डाव्या हाताला बांधली होती. भागीरथीच्याही डाव्या हाताला दोरी पाहून त्याला वाटलं, चुकलो. त्यानं गोष्ट पुन्हा आठवली. नाही, खालच्यांनीही तसंच सांगितलं होतं. दोरी सोडायला उचललेला हात त्यानं मागं घेतला. जसं सांगितलं तसं ठेवलं.

पाऊस सरल्यावर खेळ ओढ्यातच झाला, दिवस कलताना. दोन्ही काठांवर दोन्ही वाड्या बसल्या. ओढा दाखवायला त्यानं एक लांब निळं लुगडं आणलं होतं. त्याचं एक टोक वरच्यांना धरायला दिलं, एक खालच्यांना. दोघांनी हलवलं तरच लाटा उठत, म्हणून नाइलाजानं दोघांनीही हलवलं. मग या काठानं आवडी निघाली, त्या काठानं भागीरथी. दोघी मधोमध आल्या, दोघींनी एकदमच डावा हात खाली नेला आणि एकाच जागी धोंडा टेकवला.

मग दोन्हीकडून गलका उठला. आमच्या बाईची नक्कल केली म्हणून वरचे ओरडले, आमची चोरली म्हणून खालचे. लुगडं ताणलं गेलं. कोणीतरी धोंडाही उचलला, आणि तो बांधासाठी नव्हता.

बाहुलीवाल्याचे कान लाल झाले. तरी तो पडद्याबाहेर आला, दोन्ही बाहुल्या हातात धरून.

"मी काही केलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तेच बांधलं. दोघीही... दोघीही डावखुऱ्या."

एवढ्या माणसांसमोर त्याचं वाक्य पहिल्यांदाच पुरं झालं होतं.

खालच्या काठावर एक म्हातारी बसली होती. ती काठी टेकत ओढ्यात उतरली. दोन्ही बाहुल्या तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या आणि हसायला लागली.

"मेल्यांनो, ही एकच बाई आहे की रे. माहेरी आवडी असेल, लग्नात भागीरथी झाली असेल. मला इथं सगळे यशोदाआजी म्हणतात. वरच्या वाडीत मी कोण होते, विचारलंय कधी कोणी?"

मग आजीनंच सांगितलं. आवडीची गोष्ट तिनं लहानपणी वर ऐकली होती, भागीरथीची लग्नानंतर खाली. पण सासरी आल्यावर माहेरच्या गोष्टी बोलू नयेत, असं थोरल्या जावेनं बजावलं होतं. न बोलता बोलता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहायचंही राहून गेलं.

वरच्या काठावरून एक थकलेला आवाज आला. "सोने."

माहेरच्या नावानं हाक मारणारा तो वरच्या वाडीचा मुखिया होता, तिचा धाकटा भाऊ. तीन वर्षं त्यानं बहिणीच्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

म्हातारीनं मान वळवली. "आलास का वळणावर? ये खाली. गुडघे दुखतात माझे, मी चढायची नाही."

तो उतरला. त्याच्यामागं वरची वाडी उतरली, समोरून खालची आली. बसायला आणलेले धोंडेच लोकांनी उद्याच्या बांधासाठी हातोहात पुढं दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या गुरवानं नारळ उचलला आणि भीत भीत विचारलं, कोणाच्या नावानं? वरची वाडी म्हणाली, भागीरथीच्या. खालची म्हणाली, आवडीच्या. नारळ फुटला, आणि संध्याकाळपर्यंत पाणी अडलं.

कुलूप लावून गेलेली दोन घरंही पाडव्याच्या आत परत आली. बाहुलीवाल्यानं मग दोन बाहुल्यांची एकच बाहुली केली. अंगावर वरच्यांची चिंधी, नाकात खालच्यांची नथ, आणि दोरी डाव्या हाताला.

तात्पर्य: आपापल्या अंगणात गोष्ट अर्धीच कळते, सगळे एकत्र बसून ऐकतील, तेव्हाच ती पुरी होते.