फुगडीत पडलेला पाटील

मला गोष्टी सांगायचा कंटाळा आहे. पण घरातली पोरं पाठ सोडत नाहीत, म्हणून एकदाच सांगून टाकतो. मध्ये कुणी खोकायचं नाही.

एका गावात एक पाटील होता. जत्रेतल्या खेळांचे नियम तोच करायचा. बायकांचे खेळ दोन: धावत टेकडी चढायची, आणि फुगडी. फुगडीत जी जोडी शेवटपर्यंत फिरत राहील ती जिंकली.

त्याच गावात एक उंच मुलगी होती. जन्मली तेव्हा गावानं तिला मुलगा म्हटलं. मोठी झाल्यावर ती म्हणाली, मी बाई आहे, आणि बाई म्हणूनच राहू लागली. जत्रा जवळ आली तशी ती पाटलाकडे गेली.

"पाटीलबाबा, मला बायकांत खेळू द्या. पुरुषांत गेले की खेळ राहतो बाजूला, नुसता तमाशा होतो."

मागोमाग गेल्या जत्रेत टेकडी जिंकलेली मुलगी आली. "तिच्याशी माझं वैर नाही. पण तिचे पाय बघा अन् माझे बघा. वर्षभर पळून मी हरायचंच का?"

पाटलाला दोघींचंही पटलं. सकाळी म्हणाला, "खेळू दे." पारावरची माणसं ओरडली, तर दुपारी म्हणाला, "नको." संध्याकाळी दुसरी माणसं ओरडली, की परत "खेळू दे."

पाटलीण वैतागली. "अहो, सरडासुद्धा रंग बदलायला वेळ घेतो. तुम्ही कधी फुगडी घातलीय का?"

"त्यात काय घालायचंय?"

"मग या अंगणात."

पाटलानं हात धरले आणि दिला जोराचा हिसका. हात सुटले, पाटील थेट शेणाच्या पाटीत! उठायचं सोडून तो विचारात पडला.

"अगं, मी तुझ्या दुप्पट. मीच कसा पडलो?"

"जोर लावलात म्हणून. इथं जोडीदारणीला सांभाळावं लागतं."

"आणि टेकडीवर?"

"तीही चढून बघा की."

टेकडीवर मात्र पोट सुटलेला पाटील पाटलिणीच्या आधी वर पोचला. धापा टाकत खाली बघून म्हणाला, "इथं जोरच जिंकतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं गाव जमवलं. "फुगडीत ती खेळेल. टेकडीवर यंदा वेगळी पळेल. आणि तिला जो हसेल, त्यानं आधी माझ्याशी फुगडी घालायची."

उंच मुलीचा चेहरा उतरला. "एकटी पळून मी हरवू कुणाला?"

पाटलानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. "पोरी, ह्याचं उत्तर मला येत नाही. सगळ्यांना पळताना बघतो, तुम्हा पळणाऱ्यांना विचारतो. जे ठरेल ते पुढच्या जत्रेआधी तुझ्या तोंडावर सांगीन."

जत्रेच्या दिवशी फुगडीला तिच्यापुढे कुणी हात करेना. तेव्हा पाटलीणच पदर खोचून उठली. "ये गं. यांच्यापेक्षा कुणीही बरं!"

पाटलिणीला हसू आवरेना, म्हणून त्यांचीच जोडी सगळ्यांत आधी सुटली. उंच मुलीनं हात पुन्हा पुढे केले. "परत," ती म्हणाली.

तात्पर्य: जो खेळ आपण खेळलो नाही, त्याचा नियम खेळणाऱ्यांना विचारून करावा. आणि कळलं नाही, तर कळलं नाही म्हणावं.

आट्यापाट्या कशाशी खातात ते ठाऊक नसताना भर मैदानात मला बाद देणारा, आणि अजून माफी न मागितलेला, दगडू वाघचौरे याला हे कुणीतरी वाचून दाखवा.