नळीची दोन टोकं

अवजारं आपली आपण कामाला जात, तेव्हाची गोष्ट. एका धर्मशाळेच्या समोरासमोरच्या दोन भिंती गवंडीकामाच्या अवजारांची दोन मंडळं बांधत होती. सभासद व्हायची अट दोन्हीकडे एकच होती: जो आमच्यात, तो त्यांच्यात नाही.

एके दिवशी पाण्याने भरलेली नळी आली. "मलाही घ्या की," ती म्हणाली. "फक्त माझं एक टोक इथे राहील, दुसरं समोरच्या भिंतीपाशी. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं, म्हणून भिंती सारख्या येतात."

"म्हणजे अर्धी त्यांची!" थापी फणकारली. "नियमात बसत नाही." समोरच्या, दोरीला लटकणाऱ्या ओळंब्यानेही तेच सुनावलं. नळी वेटोळं करून वाळूच्या ढिगावर बसली.

भिंती चढल्या. ओळंब्यांना दोन्ही अगदी सरळ दिसल्या. मग दोन्हींवर आडवी तुळई टेकवली, तिच्यावर पूजेचा नारळ ठेवला, तर तो गडगडत जाऊन खाली फुटला.

आता दोन्ही मंडळं ढिगाभोवती जमली. थापीने विचारलं, "नळीबाई, खरं सांगा, चुकली कोणाची भिंत? आमची की त्यांची?"

"मला कसं कळणार?" नळी म्हणाली. "माझी दोन्ही टोकं इथेच पडलीत ना!"